शिडीचं वजन

भरतीच्या दिवशी त्याला पाहून कुणीतरी म्हणालं होतं, ह्याला भिंतीला टेकवून उभा केला तर आपण थेट गच्चीवर जाऊ. तेव्हापासून अख्ख्या फायर स्टेशनात त्याचं नाव शिडी पडलं. आता पन्नाशी जवळ आली होती, पोट पट्ट्याबाहेर येऊन बसलं होतं, बंबात चढताना दाराची मूठ धरून आधी एक मोठा श्वास घ्यावा लागत होता, पण नाव तेच राहिलं. नवीन भरती झालेले जवान नाव ऐकून आधी शिडी शोधायचे आणि मग त्याला बघून गालातल्या गालात हसायचे. त्याचा त्याला राग यायचा. खरं तर राग यायला त्याला कुणी हसायचीही गरज नव्हती. तो कायम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर तयार बसलेला असायचा.

त्या वर्षीच्या तपासणीला डॉक्टरीणबाई नवीन होत्या, त्याच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी त्याला काट्यावर उभं केलं, उतरवलं, बूट काढायला लावून परत उभं केलं. बुटांचा काही दोष नव्हता.

"काका, एवढं वजन घेऊन तुम्ही पाठीवर हवेचा सिलिंडर टाकता आणि जिने चढता?"

"रोज चढतो," शिडी म्हणाला. 'काका' त्याला आधीच झोंबलं होतं.

"तीन महिन्यांनी परत या. तेव्हाही असंच असेल तर बंबावर पाठवू नका असं मला सांगावं लागेल."

बंबावर पाठवू नका म्हणजे काय, हे शिडीला कुणी समजावून द्यायला नको होतं. म्हणजे कंट्रोल रूम. म्हणजे काचेमागची खुर्ची, एक फोन, एक माइक आणि दिवसभर दुसऱ्यांना पत्ते सांगणं. गुडघे गेलेले, डोळे गेलेले तिथे बसायचे. त्याहून वाईट म्हणजे मिशी दुसऱ्या कुणाबरोबर आत जाणार. मिशी हा त्याचा जोडीदार. मिशीनं मिशी कधीच काढून टाकली होती, पण स्टेशनात एकदा चिकटलेलं नाव मेल्याशिवाय सुटत नाही. धुरात एकट्यानं जायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दोघं आत जातात, दोघं बाहेर येतात. कित्येक वर्षं ते दोघं म्हणजे शिडी आणि मिशी. एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून ते कुठल्या कुठल्या काळोखात शिरले होते त्याला गणती नव्हती. शिडीला नोकरीतलं दुसरं काही गेलं असतं तरी चाललं असतं, ते हाताखालचं पाठीचं हाड जायला नको होतं.

डॉक्टरीणबाईंनी उपायही सांगितला, आणि तो चांगला सांगितला. जेवण थोडं कमी करा, हालचाल थोडी वाढवा, दोन्हीचा मेळ ठेवा. व्यायाम वाढवला तर पोटात तेवढं जायलाही हवं. ड्युटीच्या दिवशी उपाशी अजिबात राहू नका. वजन हळूहळू उतरेल.

शिडीनं त्यातलं फक्त 'हळूहळू' ऐकलं, आणि त्याच्या धंद्यात ती शिवी होती. आग लागल्यावर हळूहळू जाणारा माणूस त्यानं अजून पाहिला नव्हता. आगीला दोन्ही बाजूंनी घेरायचं, तिच्यापुढचं जळण ओढून काढायचं, तिला खायला काही ठेवायचं नाही, की ती मरते. उभा जन्म त्यानं हेच केलं होतं. मग चरबी काय आगीपेक्षा मोठी लागून गेली? अन्न तोडायचं आणि घाम काढायचा, पुढून आणि मागून एकदम. माणसाचं शरीर म्हणजे पेटलेलं गोदाम नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्यालाच पाण्याच्या फवाऱ्यापुढे उभं केलं असतं.

अडचण होती ती मेसची. स्टेशनात एकच मोठं पातेलं चढायचं आणि पाळीपाळीनं एकेकानं रांधायचं. ज्याची पाळी, तो सगळ्यांच्या ताटांकडे बघत उभा राहायचा. कुणी कमी खाल्लं की त्याचा अपमान व्हायचा आणि पुढचे चार दिवस तो टोमणे मारायचा. तिथे सगळ्यांसमोर उपाशी राहणं म्हणजे भांडण विकत घेणं. शिडीनं त्यावर तोड काढली. स्टेशनात तो सांगायचा, घरून जेवून आलोय. घरी सांगायचा, स्टेशनात जेवलो, आज मिशीची पाळी होती. दोन्हीकडे खोटं, आणि दोन्हीकडच्या पातेल्यांत त्याच्या वाटचं तसंच. दिवसभरात एखादा पाव, काळा चहा, फार कावळे ओरडले तर काकडी. सकाळी ड्युटीवर आल्या आल्या ओली होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा जाड पाइप, खांद्यावर टाकून सरावाच्या मनोऱ्यावर धावत जायचा, खाली यायचा, परत जायचा. तरुण जवान बघून टाळ्या पिटायचे. त्या टाळ्यांवर त्यानं पहिला महिना काढला.

वजन उतरलं, नाही असं नाही. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडावं लागलं. गळ्याखालची पिशवी गेली. आरशात बघून त्याला वाटायचं, जमलं. पण चरबीबरोबर आणखीही काही उतरत होतं ते आरशात दिसत नव्हतं. जिन्याच्या वरच्या टोकाला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हात थरथरायचे, ते तो खिशात घालायचा. आणि राग तर असा वाढला की विचारू नका. कपाटाचं दार करकरलं म्हणून त्यानं ते बिजागरीतून उपटलं. शेजाऱ्यानं गाडी वाकडी लावली म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याचं खानदान काढलं. पंपाचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला म्हणून एका जवानाला असा झापला की तो बिचारा जेवताना रडला. प्रत्येक वेळी शिडीला वाटायचं, चूक समोरच्याची आहे, जग मूर्खांनी भरलंय. त्याच्या पोटात काही नाही म्हणून जग मूर्ख दिसतंय, हे त्याच्या टाळक्यात शिरेल तर शपथ.

बायको शाळेचे गणवेश शिवायची. कापडाचा अंदाज तिला हातानं कळायचा आणि नवऱ्याचा डोळ्यानं. एका सकाळी तिनं त्याच्या गणवेशाची पँट आत घ्यायला घेतली आणि शिवणीत बोट घालून म्हणाली, "हे एवढं एवढ्यात? अहो, जेवता ना तुम्ही?"

"स्टेशनात जेवतो."

"मग अंगावर वसकन का येता? मी काय आग लावली कुठे?"

"माझ्या जेवणाचा हिशेब तू ठेवू नकोस," तो ओरडला, आणि न्याहारीची बशी ढकलली. ती फुटली नाही, पण अंडं भिंतीपर्यंत गेलं. तिनं भिंत पुसली. पुसताना एक शब्द बोलली नाही, आणि ते त्यालाच जास्त लागलं, म्हणून तो आणखी चिडला.

त्याच आठवड्यात तिला बाजारात मिशी भेटला. बोलता बोलता तो म्हणाला, वहिनी, हल्ली तुम्ही त्याला घरूनच भरपेट जेवायला घालून पाठवता वाटतं, आमच्या पातेल्याला हात लावत नाही. ती टोमॅटो निवडता निवडता थांबली. म्हणाली, भाऊजी, घरी तर हे म्हणतात तुमच्याकडे जेवतो. दोघं तिथेच भाजीवाल्यासमोर उभे राहिले. भाजीवाल्यानं दोनदा विचारलं, टोमॅटो घेणार की नाही.

मिशीनं दुसऱ्या दिवशी शिडीला होजच्या रॅकमागे गाठलं.

"तू दोन्हीकडे खोटं बोलतोयस. उपाशीपोटी बंबावर बसतोयस. मी साहेबांना सांगणार."

"सांग. सांगितलंस तर आयुष्यात परत तुझ्याशी बोलणार नाही."

"अरे, पडशील कुठेतरी."

"मी? आजवर पडलोय?" शिडीचे डोळे लाल झाले होते. "तपासणी होईपर्यंत गप्प बस. झाली की खातो. तुझ्यासमोर बसून खातो. पण आत्ता तोंड उघडलंस तर आपलं संपलं."

मिशी गप्प बसला. जुनी मैत्री माणसाला शहाणपण शिकवते म्हणतात. कधीकधी ती साफ मूर्ख बनवते, पण ते कुणी म्हणत नाही.

तपासणीला थोडे दिवस उरले असताना भर दुपारी घंटा झाली. चार मजली इमारत, तळाला गाद्यांचं दुकान, कापूस पेटलेला. आग दुकानातच होती, पण धूर जिन्यानं सरळ वर चढत होता. माणसं बाहेर आली होती. तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी नव्हती आली. एक बाई रडत सांगत होती, आई आहे हो माझी, तिला चालता येत नाही, मी औषध आणायला गेले होते. शिडी आणि मिशीनं मास्क चढवले, सिलिंडर पाठीवर घेतले आणि आत शिरले. पुढे शिडी, मागे मिशी. शिडीनं त्या दिवशी सकाळी मनोऱ्याच्या फेऱ्या मारल्या होत्या आणि नुसता काळा चहा प्यायला होता.

पहिले दोन मजले तो सवयीनं चढला. तिसऱ्याच्या पायऱ्या लागल्या तसा त्याच्या अंगाला घाम सुटला, आणि तो घाम गार होता. त्या जाड सूटच्या आत, भट्टीसारख्या उकाड्यात, गार घाम. बोटं कठड्यावर आहेत की नाहीत कळेना. त्याला समजलं. त्या क्षणी त्याला सगळं समजलं होतं, आणि तरी तो मागे वळून 'मला जमत नाही' असं म्हणाला नाही. दात आवळून आणखी एक पायरी चढला. आणखी एक. मग पायऱ्या त्याच्या अंगावर आल्या.

शुद्धीवर आला तेव्हा तो रस्त्यावर, बंबाच्या चाकाला टेकून बसला होता, आणि कुणीतरी त्याच्या तोंडात साखरेचं पाणी ओतत होतं. मिशीनं त्याला काखेत धरून खाली आणलं होतं. त्यानंतर दुसरी जोडी वर गेली आणि म्हातारीला घेऊन आली. ती जगली. पण खोलीत धूर भरत गेला तेवढा वेळ ती त्यात पडून होती, आणि पुढचे कित्येक दिवस तिला हॉस्पिटलात नळी लावून श्वास घ्यावा लागला.

साहेबांनी तिथल्या तिथे विचारलं, हा पडला कशानं? शिडीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मिशी म्हणाला, "मास्क गळत होता, साहेब. धूर आत गेला." साखरेचं पाणी पाजणाऱ्यांना काय ते कळलं होतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून बाकीचेही गप्प राहिले. शिडीला चार दिवस घरी विश्रांती मिळाली. स्टेशनातून रोज कुणीतरी भेटायला यायचं, फळं आणायचं, पाठीवर थाप मारायचं. आणि शिडी ती थाप खुशाल घ्यायचा. मनात म्हणायचा, तपासणी होऊ दे एकदा.

चौथ्या दिवशी दार वाजलं आणि स्टोअरच्या बाई आत आल्या. मास्क धुणं, सुकवणं, प्रत्येकाच्या तोंडावर बसवून तपासणं, हे त्यांचं काम. त्या बसल्या नाहीत. बायकोनं पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही.

"मला स्टोअरमधून काढलंय," त्या म्हणाल्या. "चौकशी लावलीय. माझ्या हातून खराब मास्क गेला म्हणे. त्या दिवशी सकाळी तुमच्या तोंडावर तो कुणी बसवला होता?"

शिडीनं फळांची टोपली पोटाशी ओढली.

"मी बसवला. झडप हातानं दाबून तुम्हाला श्वास घ्यायला लावला. तुम्ही माझ्यावर खेकसलात, एवढा घट्ट कशाला करता म्हणून. घट्ट होता ना? तुमच्या तोंडानं सांगितलंत ना? मग तो गळला कुठून?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हातातली पर्स त्यांनी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. "म्हातारी अजून नळीवर आहे. गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. माझ्या पोरीनं मला विचारलं, आई, तुझ्यामुळे का? मी काय सांगू तिला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. आणि शिडी तिथे उशीला टेकून, पोटाशी फळांची टोपली घेऊन बसला होता.

"सांगा ना त्यांना," बायको दारातून म्हणाली. "त्या दिवशी काय खाल्लं होतंत ते सांगा."

तो तिच्यावर ओरडणार होता. तोंड उघडलंही. पण बायको हलली नाही, डोळे खाली केले नाहीत, आणि पहिल्यांदाच त्याला दिसलं की तिचाही संताप वर आलाय. भिंत पुसताना गिळलेला, बाजारात उभं राहून गिळलेला, महिनाभराचा.

"काही नाही," शिडी म्हणाला. "चहा. मी उपाशी होतो. तुमचा मास्क चांगला होता."

स्टोअरच्या बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शिव्या परवडल्या असत्या. "हे मला सांगून काय उपयोग," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगा. आत्ता."

तो गेला. गणवेश न घालता, चपलांवर गेला. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं: दोन्हीकडचं खोटं, मनोरा, काळा चहा. साहेब तसे शांत गृहस्थ, पण ऐकता ऐकता त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"मी तुला आगीत पाठवला आणि तू भुकेनं पडलास," ते म्हणाले. "आग लागलेल्या घरात माझा माणूस भुकेनं पडला. हे मी त्या म्हातारीच्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगू?"

साहेबांनी त्याला त्याच घडीला बंबावरून उतरवलं. डॉक्टरीणबाई म्हणतील तसं खायचं, त्या म्हणतील तसं चालायचं, आणि त्या हो म्हणेपर्यंत कंट्रोल रूममध्ये बसायचं. स्टोअरच्या बाईंना त्यांनी स्वतः फोन करून परत बोलावलं आणि माफी मागितली. मिशीलाही आत बोलावून खोटं बोलल्याबद्दल उभा आडवा घेतला.

बाहेर येताना शिडीला जरा हलकं वाटत होतं. माणूस कसा असतो बघा. एवढं करून सवरून त्याच्या मनात आलं की आपण मोठं धाडस केलं, खरं बोललो, आता तरी लोक मानतील. मिशी तर नक्कीच मानेल. तो मेसमध्ये गेला. मिशीची पाळी होती. दुसरं कुणी नव्हतं, जवान सरावाला गेले होते. मिशीनं न बोलता ताट वाढलं आणि शिडीसमोर ठेवलं.

"सांगितलं मी साहेबांना," शिडी म्हणाला. "सगळं माझ्यावर घेतलं."

"घेतलंस," मिशी म्हणाला. तो समोर उभाच राहिला. "आता माझंही ऐक. तू जिन्यात पडलास तेव्हा वरून आवाज येत होता. काठीचा. ती म्हातारी फरशीवर काठी आपटत होती. आपले दिवे तिला दिसले असतील, नाहीतर बुटांचा आवाज आला असेल. कुणीतरी येतंय हे तिला कळलं होतं."

शिडीनं हातातला पाव ताटात ठेवला.

"तिच्यापर्यंत बाराच पायऱ्या होत्या. नियम काय सांगतो? जोडीदार आधी. मी तुला ओढत खाली आणायला लागलो, आणि ती आपटत होती. मी एकेक पायरी तिच्यापासून लांब जातोय आणि ती आपटतेय. मग मधेच आवाज बंद झाला. मला वाटलं गेली. मी तुला घेऊन येत होतो, तुझं वजन कमी झालंय हे मला हाताला कळत होतं, आणि मला वाटत होतं तुला तिथेच टाकून द्यावं."

त्यानं डाव पातेल्यात टाकला.

"तू उपाशी आहेस हे मला माहीत होतं. वहिनींनी सांगितलं होतं. मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तू म्हणालास की बोलणं टाकशील. त्या एका धमकीला मी घाबरलो, एवढी तुझी मला किंमत होती. वरून तुझ्यासाठी त्या बाईंच्या पोटावर पाय दिला. आता बोलणं मी टाकतो. तू बारीक हो, जाड हो, बंबावर ये, नको येऊस. आलास तर दुसऱ्या कुणाबरोबर आत जा. माझ्या पाठीवर आता तुझा हात नको."

शिडीनं तोंड उघडलं. अशा वेळी त्याच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं, जळजळीत, समोरच्याला गप्प करणारं. तो त्याची वाट बघत राहिला. काही आलं नाही.

"जेव," मिशी म्हणाला. "गार होतंय."

मग तो पातेलं उचलून मोरीकडे गेला आणि पाठमोरा उभा राहून घासायला लागला. शिडीनं भातात रस्सा कालवला. घास तोंडात घोळत राहिला, गिळवेना, तरी तो एकामागून एक घास घेत राहिला. ताट संपेपर्यंत मिशीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.